क्षमता : एका घराचा किराणा

ज्या संध्याकाळी कागदी पिशवीनं तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मान टाकली, त्या संध्याकाळी नापासरावांच्या घरातली शांतता संपली. पिशवीत तांदूळ होता, साखर होती, तेलाची बाटली होती आणि सगळ्यांच्या वर जपून ठेवलेली अंडी होती. तांदूळ आणि साखर एकमेकांत मिसळत दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरली, तेल सावकाश त्यांच्यामागून गेलं आणि अंडी मात्र जिथल्या तिथे फुटली. वहिनी पायरीवरच बसल्या. वहिनी म्हणजे नापासरावांच्या पत्नी. सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणते, तेव्हा आपणही म्हणायला हरकत नाही. त्यांनी हातात उरलेल्या पिशवीच्या दोन कानांकडे पाहिलं, मग वर चौथ्या मजल्याकडे पाहिलं, आणि एकच वाक्य उच्चारलं. ते तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दाराच्या फटीतून ऐकलं आणि तासाभरात इमारतभर पोचवलं.

"लिफ्ट यांनी बंद केली. आता पिशवीही यांनीच शोधायची."

नापासराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. कुठल्याही आईबापाला असं नाव सुचणार नाही. ते सरकारी खात्यात लिफ्ट तपासनीस होते. शहरभर हिंडायचं, लिफ्टमध्ये लोखंडी वजनं भरायची, ब्रेक धरतो का बघायचं, तारेच्या दोरावरून बोट फिरवून कुठे एखादी तार तुटली आहे का ते चाचपायचं, आणि शेवटी 'पास' किंवा 'नापास' असा शेरा मारायचा, हे त्यांचं काम. अशी नोकरी जन्मभर केल्यावर माणूस खुर्चीवरसुद्धा सरळ बसत नाही. नापासराव कुणाकडे गेले की आधी खुर्ची गदागदा हलवून बघत आणि मग यजमानांकडे संशयानं पाहत अर्धवट टेकत. लग्नानंतर सासुरवाडीला पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी सासऱ्यांची माळ्यावर चढायची शिडी नापास केली होती. सासरे पुढे आयुष्यभर त्याच शिडीनं चढले-उतरले, आणि दर वेळी खाली आल्यावर जावयाला फोन करून सांगत राहिले, "आत्ताच उतरलो."

असा माणूस राहत्या इमारतीची लिफ्ट थोडीच सोडणार? एका सकाळी वर जाताना त्यांना दोराचा आवाज वेगळा वाटला. ते ऑफिसला जायचं सोडून गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत शिरले आणि हात काळे करून खाली आले. दोराच्या तारा तुटल्या होत्या. एक नाही, बऱ्याच. त्यांनी अध्यक्षांना सांगितलं. सोसायटीचे अध्यक्ष म्हणजे तळमजल्यावर राहणारे गृहस्थ. त्यांचा बॅनर छापायचा धंदा होता आणि स्वभावही बॅनरसारखाच, म्हणजे आकारानं मोठा आणि वाऱ्याबरोबर हलणारा.

"अहो, इतकी वर्षं चालतेय की!" अध्यक्ष म्हणाले.

"तुटेपर्यंत प्रत्येक दोर चालतच असतो," नापासराव म्हणाले, आणि खात्याला कळवून मोकळे झाले. खात्यातून दुसरा तपासनीस आला आणि त्यानं लिफ्टला कुलूप घातलं.

दोर बदलायचा म्हणजे खर्च. अध्यक्षांना त्यापेक्षा स्वस्त उपाय दिसला: तपासनीस बदलायचा. त्यांच्या ओळखीचा एक मवाळ तपासनीस होता. वार्षिक सभेत ठराव करायचा, त्याच्याकडून फेरतपासणी मागायची आणि जुन्याच दोरावर लिफ्ट सुरू करायची, असा बेत होता. जिने चढून चढून गुडघे बोलायला लागलेली सगळी इमारत अध्यक्षांच्या बाजूला होती. जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस नापासरावांकडे असं बघायचा, जणू जिना त्यांनीच शोधून काढला. नापासरावांना त्याचं वाईट वाटायचं, पण त्याहून मोठी धास्ती वेगळी होती. सभेनं ठराव केला तर ही सगळी माणसं, काकू, पोरंबाळं, त्यांची स्वतःची बायको आणि मुलगी, त्या तुटक्या दोराला लटकून रोज खालीवर करणार होती, आणि त्यांचं कुणी ऐकणार नव्हतं.

घरात तरी कोण ऐकत होतं म्हणा! "तुम्ही जन्मात कशाला पास म्हणालायत?" पिशवी फाटली त्या रात्री वहिनींनी विचारलं. "मला म्हणालात तेसुद्धा तुमच्या आईनं कोपरानं ढोसल्यावर. आता प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद, कागदी फाटतात. चार मजले टिकेल अशी एक धड पिशवी आणा. एवढी एक वस्तू पास करून दाखवा, मग लिफ्टचं बोलू."

हे आव्हान नापासरावांनी खात्याच्या शिरस्त्याप्रमाणे स्वीकारलं. म्हणजे दुसऱ्याच दिवशी ते बाजारात मिळतील तेवढ्या सगळ्या पिशव्या घेऊन आले. पर्यावरण वाचवण्यासाठी एका माणसानं एका वेळी इतक्या पिशव्या विकत घेतल्याचं उदाहरण दुसरं नसावं. दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. कॉलेजात जाणारी कन्या म्हणाली, "बाबा, पृथ्वी वाचेल, पण आपण कुठे झोपायचं?"

बातमी फुटायचीच होती. सल्ले यायला लागले. काकू म्हणाल्या, जुन्या पॅंटचा पाय कापायचा, खालून शिवायचा, की झाली पिशवी. त्यांच्या यजमानांच्या सगळ्या पॅंटी त्यांनी अशाच मार्गी लावल्या होत्या. (काकूंचे यजमान हल्ली घराबाहेर फारसे का पडत नाहीत, याचा उलगडा नापासरावांना तेव्हा झाला.) दुसऱ्या मजल्यावरच्या प्राध्यापकांनी, पिशवी वापरणंच कसं चूक आहे, माणसानं गरजा कशा कमी केल्या पाहिजेत, हे जिन्यात अडवून समजावलं, त्यांच्याकडचा किराणा त्यांची बायको आणत असे. ऐकावं जनाचं, करावं मनाचं, हे नापासराव जाणून होते. अडचण इतकीच होती की त्यांच्या मनाला काहीच पसंत पडत नव्हतं.

तागाची पिशवी दिसायला राकट, पण तिचे धागे डाळीत उतरत. जाळीच्या पिशवीत कांदे राहत आणि लसूण रस्त्यानं सांडत येई. जाडजूड सुती पिशवी वजन घातल्यावर लांबत लांबत इतकी खाली गेली, की ती हातात धरायची म्हणजे स्टुलावर उभं राहायला हवं. एक पिशवी दुकानदारानं 'शुद्ध कापडी' म्हणून दिली होती. वहिनींनी तिच्या सुरकुत्या काढायला इस्त्री फिरवली, तर पिशवी इस्त्रीला चिकटून बसली आणि घरभर जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. कापडाचं सोंग घेतलेलं प्लॅस्टिकच होतं ते. पिशवी गेली ती गेली, इस्त्रीही घेऊन गेली.

उरलेल्यांची भारचाचणी घ्यायची होती. ऑफिसातली लोखंडी वजनं घरी नेण्यासाठी नापासरावांनी रीतसर अर्ज केला. वरिष्ठांनी प्रयोजन विचारलं. नापासरावांनी खरं ते सांगितलं. वरिष्ठांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "तुम्ही थोडी रजा घ्या."

मग पाण्यानं भरलेल्या बाटल्या आल्या. बाटल्या पिशवीत भरून पिशवी पडद्याच्या दांडीला टांगायची, असा पहिला प्रयोग झाला. पिशवी टिकली. दांडी पडद्यासकट आणि मूठभर भिंतीसकट खाली आली. "दांडी नापास," नापासराव सवयीनं म्हणून गेले, आणि वहिनींच्या चेहऱ्याकडे बघून केरसुणी आणायला गेले. दुसरा प्रयोग गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या कप्पीवर झाला. या खेपेला कप्पी टिकली. तागाच्या पिशवीचा तळ गेला आणि बाटल्या सरळ तळमजल्यावर अध्यक्षांच्या अंगणात, त्यांच्या वाळत घातलेल्या धुण्यावर कोसळल्या. तिथे त्या वेळी कुणी नव्हतं हे नशीब. अध्यक्षांची दोरी, तिच्यावरची पॅंट, शर्ट आणि काही खाजगी वस्त्रं चिखलात लोळली.

संध्याकाळी फलकावर सूचना लागली: 'चौथ्या मजल्यावरील एका सभासदाने वरून जड वस्तू टाकू नयेत.' चौथ्या मजल्यावर दोनच घरं होती आणि दुसऱ्या घराला कुलूप होतं. 'एका सभासदाने' हे शब्द नापासरावांना फार लागले. आयुष्यभर वस्तू वरून पडू नयेत म्हणून झिजलेल्या माणसाला ही सूचना! ते रात्री जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

आणि मग ते शिंप्याकडे गेले.

शिंपी उभं आयुष्य शाळेचे गणवेश शिवत आला होता. नापासरावांनी त्याच्यासमोर आराखडा पसरला. समोरून, बाजूनं आणि वरून, अशी पिशवीची तीन दृश्यं होती. ट्रकच्या ताडपत्रीसारखं जाड सुती कापड त्यांनी स्वतः मिळवलं होतं, आणि बंदांसाठी एका गॅरेजमधून भंगारातल्या मोटारीचे सीटबेल्ट. शिंप्यानं कागद उलटसुलट करून पाहिला.

"साहेब, यात माणूस कुठून शिरणार?"

"माणूस नाही. किराणा."

"हां हां. मग कंबर किती ठेवू?"

नापासरावांनी त्याला सगळं पुन्हा समजावलं: तळाला दुहेरी कापड, बंद तळाखालून फिरवून आणायचे म्हणजे भार कापडावर न येता बेल्टवर येईल, शिवण चौकोनात फुली मारून. शिंप्यानं प्रत्येक वाक्याला मान डोलावली. पिशवी तयार झाली तेव्हा शिवण खरोखर अप्रतिम होती. फक्त हाताच्या सवयीनं त्यानं पिशवीला छातीवर एक खिसा, मागे एक खिसा आणि वरच्या काठाला पट्टा अडकवायच्या लुपा लावल्या होत्या. "वाढत्या अंगाची शिवलीय," तो अभिमानानं म्हणाला, "उसवलं की दोन वर्षं आणखी जातील."

घरी भारचाचणी झाली. बाटल्या घातल्या, कन्येचे व्यायामाचे डंबेल्स घातले, शब्दकोशाचे खंड घातले. या वेळी पिशवी जिन्याच्या लोखंडी कठड्याला टांगली होती आणि खाली गादी अंथरली होती. पिशवी हलली नाही. नापासरावांनी शिवणींवरून बोट फिरवलं, बंद ओढून पाहिले, कान लावून ऐकलं. मग उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, "पास."

कन्येनं टाळ्या वाजवल्या. वहिनी भाजी ढवळता ढवळता बाहेर आल्या, त्यांनी रिकामी पिशवी उचलून बघितली आणि म्हणाल्या, "ही रिकामीच एवढी जड? नाकापेक्षा मोती जड झाला की!" पिशवी जमिनीवर ठेवली की कुणीही न धरता पाहुण्यासारखी ताठ उभी राहायची. पण नापासरावांना आता आभाळ ठेंगणं झालं होतं. त्यांनी तिच्या पोटावर साचा ठेवून रंगानं, लिफ्टमध्ये असते तशी पाटीही रंगवली: 'क्षमता : १८ किलो किंवा एका घराचा किराणा. लहान मुलांनी मोठ्यांच्या सोबतीशिवाय वापरू नये.' खाली तपासणीची तारीख आणि सही.

पिशवीची पहिली फेरी नाक्यावरच्या मोठ्या दुकानात होती. दारावरच्या रखवालदारानं हात आडवा केला.

"बाहेरची पिशवी आत न्यायची नाही."

"मग सामान कशात घालू?"

"पिशवीत."

"पण पिशवी तर तुम्ही आत नेऊ देत नाही."

"असं कुठे म्हटलं? सील करून न्या." आणि त्यानं प्लॅस्टिकची एक पट्टी काढून पिशवीचं तोंड करकचून आवळलं. प्लॅस्टिक टाळण्यासाठी रक्ताचं पाणी करून बनवलेल्या पिशवीच्या गळ्यातला प्लॅस्टिकचा फास नापासरावांनी बोटानं ओढून पाहिला. ते तसेच आत गेले, किराणा घेतला, पैसे दिले आणि गल्ल्यावरच्या मुलीला म्हणाले, "आता हे सील कापा."

"ते दारावर कापतात."

ते सामान कवेत घेऊन दाराशी गेले. रखवालदार म्हणाला, "बिलावर शिक्का असल्याशिवाय सील कापत नाही."

"मग मारा शिक्का."

"सामान पिशवीत असल्याशिवाय शिक्का मारत नाही. नियम आहे."

नापासराव स्वतः सरकारी माणूस. नियमाचा असा डौलदार नमुना त्यांनी खात्यातही पाहिला नव्हता. क्षणभर त्यांना रखवालदाराबद्दल आदरच वाटला. पण कवेतली साबणाची वडी घसरत होती, मागे रांग वाढत होती, आणि एक बाई मोठ्यानं म्हणाली, "काही लोकांना साधी खरेदी जमत नाही." नापासरावांनी सामान तिथेच जमिनीवर मांडलं आणि व्यवस्थापकाला बोलावून घ्या, असं जाहीर केलं.

व्यवस्थापक रागारागानं आला. त्याची नजर ताठ उभ्या पिशवीवर गेली. त्यानं पाटी वाचली, तारीख वाचली, सही वाचली, आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. "आपण... खात्यातून आलात का?"

नापासरावांना खोटं बोलता येत नाही. "हो," ते म्हणाले, "तपासनीस आहे. लिफ्टचा."

व्यवस्थापकाचा चेहरा पांढरा पडला. "साहेब, मागची मालाची लिफ्ट मी उद्याच्या उद्या दुरुस्त करून घेतो. आजच बंद ठेवतो! शप्पथ!" त्यानं खिशातून कात्री काढून स्वतःच्या हातानं सील कापलं, स्वतः सामान भरलं आणि रखवालदाराला पिशवी रस्त्यापर्यंत पोचवायला लावली. एका किराण्याच्या फेरीत एक धोक्याची लिफ्ट बंद पडली, हा योग नापासरावांना फार शुभ वाटला. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांना तीन ठिकाणी बसावं लागलं, पण साखरेचा दाणाही सांडला नाही. वहिनींनी पिशवी उपसली, अंडी उजेडात धरून पाहिली आणि निकाल दिला, "पिशवी उत्तम आहे. फक्त ती उचलायला पुरुषमाणूस लागतो. यापुढे किराणा तुम्हीच आणत जा."

इतक्यात सभेचा दिवस आला. सभा, नंतर गच्चीवर सगळ्या इमारतीचं जेवण, असा बेत होता. अध्यक्ष काळाबरोबर चालणारे गृहस्थ. पिशव्यांचं वारं वाहतंय हे हेरून त्यांनी आपल्या छापखान्यातून कापडी पिशव्या करून घेतल्या होत्या: एका बाजूला 'हरित इमारत, सुंदर इमारत', दुसऱ्या बाजूला हात जोडलेले अध्यक्ष, अगदी दात मोजता येतील एवढे मोठे. अंगणात सगळे जमल्यावर त्यांनी पिशव्या वाटल्या. नापासरावांच्या हातात पिशवी आली. त्यांनी फोटोकडे पाहिलंही नाही. आतली बाजू उलटी केली, शिवणीवर अंगठा दाबला आणि जे व्हायचं तेच झालं.

"नापास."

अंगणात हशा पिकला. अध्यक्षांचा चेहरा छापील चेहऱ्यापेक्षा लाल झाला. "बघा!" ते गरजले. "अहो, ज्या माणसाला साधी पिशवी चालत नाही, त्याच्या सांगण्यावरून आपण म्हाताऱ्याकोताऱ्यांना जिने चढायला लावतोय! आत्ताच सोक्षमोक्ष लावू. जेवणाचं सामान गच्चीवर न्यायचंय ना? लिफ्ट तर यांनी बंद केलीय. माझ्याच पिशवीतून नेऊ! आणि मग घेऊ ठराव मताला."

गच्चीवर रंगाऱ्यांनी ठेवलेली कप्पी होती. तिच्यावरून दोर खाली सोडला गेला. नापासराव म्हणाले, "थांबा," आणि सगळे जिने चढून वर गेले, कप्पी तपासली, दोर तपासला, आणि वरूनच ओरडले, "कप्पी पास! दोर पास!" हे शब्द त्यांच्या तोंडून इमारतीनं प्रथमच ऐकले, दोघांतिघांनी चुकून टाळ्या वाजवल्या. दोर ओढायला कन्या आणि दोनतीन तरुण वर थांबले. नापासराव धापा टाकत खाली आले आणि त्यांनी खडूनं अंगणात कप्पीखाली मोठं वर्तुळ काढलं.

"माल वर असेपर्यंत याच्या आत कुणी उभं राहायचं नाही."

लोक हसत हसत वर्तुळाबाहेर झाले. अध्यक्ष मात्र बरोब्बर मधोमध जाऊन उभे राहिले. "माझा माझ्या पिशवीवर विश्वास आहे," ते म्हणाले आणि फोटोतल्यासारखे हात जोडले.

"अहो, बाजूला व्हा."

"नाही होत!"

पिशवीत बटाटे, भोपळा आणि वर टोमॅटो भरून दोर ओढला गेला. अध्यक्षांची छबी पहिला मजला ओलांडून गेली. दुसरा ओलांडला. लोक टाळ्या वाजवायला लागले. वहिनी मान वर करून पाहत होत्या आणि त्यांच्या तोंडावर नवऱ्याची कीव स्पष्ट दिसत होती. नापासराव वर बघतच नव्हते. ते डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत होते. तिसऱ्या मजल्याशी त्यांना तो आवाज आला. टाळ्यांच्या गदारोळात तो आणखी कुणालाच आला नाही. एक टाका सुटल्याचा, मग दुसरा, मग तिसरा.

"बाजूला!"

ज्या माणसाला घरात दुसरा चहा मागायचाही धीर होत नसे, त्याचा हा आवाज होता. त्यानं खिडक्यांची तावदानं थरारली. अध्यक्षांचा अहंकार जागच्या जागी राहिला असेल, पण त्यांचे पाय आज्ञाधारक निघाले. त्यांनी उडी मारली ती थेट वर्तुळाबाहेर, काकूंच्या खुर्चीपाशी. त्याच क्षणी वर अध्यक्षांची छबी कपाळापासून हनुवटीपर्यंत उभी फाटली आणि भोपळा, बटाटे, टोमॅटो एकदम खाली आले. भोपळा वर्तुळाच्या मधोमध, फरशीला तडा पाडून फुटला.

 एक बटाटा घरंगळत अध्यक्षांच्या चपलेपाशी येऊन थांबला. अध्यक्ष त्या भोपळ्याकडे आणि तो जिथे पडला होता त्या जागेकडे आळीपाळीनं बघत राहिले. 

पहिल्यांदा काकू बोलल्या. जिन्यांचा जाच सगळ्यांत जास्त त्यांनाच होता आणि नापासरावांना सगळ्यांत जास्त शिव्याही त्यांनीच घातल्या होत्या. "भोपळा होता म्हणून बरं," त्या हळूच म्हणाल्या. "लिफ्टमध्ये तर आपण असतो."

हे ऐकून आयांनी आपापली पोरं जवळ ओढली. प्राध्यापकांनी टोपी काढली, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. नापासराव मात्र आधीच कामाला लागले होते. त्यांनी आपली पिशवी आणून दोराला बांधली, राहिलेलं सामान पाटीवरच्या क्षमतेपेक्षा कमीच भरलं आणि वर इशारा केला. ती ताठ उभी राहूनच वर गेली, खाली आली, पुन्हा गेली. तांदूळ, तेल, भाज्या, भांडी, सगळ्या इमारतीचं जेवण तिच्यातून गच्चीवर पोचलं, आणि दर फेरीला माणसं न सांगता वर्तुळापासून दोन पावलं लांब उभी राहिली.

मग ठराव मताला आला. अध्यक्ष उठले. "माझा ठराव मी मागे घेतो," ते म्हणाले. "दोर बदलायचा. नवा. आणि कोणता बसवायचा ते..." त्यांनी नापासरावांकडे बोट केलं आणि खाली बसले. पहिला हात त्यांनीच वर केला. त्यानंतर हात वर नसलेला माणूस शोधून सापडला नसता. काकूंनी तर दोन्ही वर केले. नापासरावांनी खिशातून रुमाल काढून तोंडावरचा घाम पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिले.

नवा दोर आला. तो बसवताना नापासराव रजा घेऊन यंत्राच्या खोलीत मुक्कामाला असल्यासारखे राहिले. कारागीर त्यांना कंटाळून गेले. स्वतःच्या इमारतीची लिफ्ट त्यांना स्वतः तपासता येत नव्हती, म्हणून खात्यातून दुसरा तपासनीस आला, त्यानं वजनं भरली, ब्रेक पाहिला, शेरा मारला आणि कुलूप काढून गेला. सकाळी सगळी इमारत लिफ्टसमोर जमली. अध्यक्षांनी फीत कापली. लिफ्टचं दार उघडलं.

आणि कुणीच आत जाईना. इतके दिवस लिफ्ट लिफ्ट करणारी माणसं एकमेकांना कोपरानं पुढे ढकलत होती. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तो भोपळा होता. शेवटी सगळे नापासरावांकडे वळले.

"साहेब, तुम्ही सांगा. बसायचं का?"

इतकी माणसं आपल्या एका शब्दासाठी खोळंबलेली नापासरावांनी कधी पाहिली नव्हती. त्यांनी घसा खाकरला. "त्याचं असं आहे," त्यांनी सुरुवात केली, "दोराची शक्ती त्याच्यावर येणाऱ्या भाराच्या कितीतरी पट..."

वहिनी गर्दीतून वाट काढत पुढे आल्या आणि सरळ लिफ्टमध्ये शिरल्या. "तुमचं चालू द्या. माझ्या गॅसवर दूध आहे," असं म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं.

"अगंबाई, वहिनी!" काकू ओरडल्या. "एकट्याच? भीती नाही वाटत?"

लिफ्ट निघाली होती. वरून वहिनींचा आवाज आला, नेहमीसारखाच, थोडा वैतागलेला.

"भीती कशाची? ते खाली उभे आहेत ना!"

नापासराव दारावरच्या आकड्यांकडे बघत राहिले. दोन लागला, तीन लागला, चार लागला. वर दार उघडल्याचा आवाज झाला, मग घराच्या कुलपाचा. त्यांनी चष्मा काढून पुसला, लिफ्ट परत खाली आली तसं दार उघडून धरलं, आणि छाती पुढे काढून म्हणाले, "पुढचे सहा जण या. काकू, तुम्ही पहिल्या."

रांग आपोआप लागली. अध्यक्ष मुकाट्यानं तिच्या शेवटी जाऊन उभे राहिले.